अर्धा लिटर पेट्रोल आन् दोन म्हाताऱ्या गाड्या

कुरकुंभ ते यवत माझ्या फटफटीला मागं टाकणारी गाडी अजून जन्माला यायचीय! म्हंजी, असं मी म्हणतो. बाकीचे पुढं निघून गेलेले असतात, त्यांना विचारणार कोण?

जुन्या गाडीला गंज चढावा तसे किस्से चढत जातात. त्यात आमच्या आप्पाची स्कूटर! आप्पा म्हंजी कंपनीतनं रिटायर झालेला फिटर, माझा जुना दोस्त.

*

एकदा आप्पा म्हणाला, “माझी दीडशे सीसी. तुझी?”

“पावणेदोनशे!”

“त्यातले चालू किती?”

*

माझ्या स्पीडचा काटा चाळीसवर अडकलाय. मिस्त्री म्हणाला, “दुरुस्त करू?”

म्हटलं, “राहू दे! उभ्या उभ्या चाळीसनं पळणारी दुसरी गाडी दाखव तालुक्यात!”

*

आप्पाची स्कूटर आधी आडवी करावी लागते, मगच किक घेते. गावात नवे आलेले मास्तर बघतच राहिले. मी सांगितलं, “आप्पा तिच्या कानात मंत्र म्हणतो.”

मास्तरांनी खरंच विचारलं, “आप्पा, मंत्र कोणता?”

आप्पानं माझ्याकडं बोट केलं, “मंत्र कसला! ह्या नामाला शिव्या देतो, लगेच सुरू होती!”

*

माझी बायको सुमन शिरूरची. लग्न झाल्यावर तिला ह्याच फटफटीवर घरी आणली. न्हावऱ्याच्या पुढं गाडी बसली. नवी नवरी, हिरवा शालू, पण धक्का झकास मारला!

पुढं सासूबाईंनी तिला विचारलं, “जावयाची गाडी कशी हाय?”

“ढकलायला हलकी हाय.”

*

गेल्या महिन्यात टपरीवर पैज लागली. दोन्ही गाड्यांत अर्धा अर्धा लिटर पेट्रोल, कुरकुंभहून निघायचं. जी अलीकडं थांबेल ती भंगारात! मिशीला पीळ देऊन मी “चालंल” म्हणालो.

पहिल्या दिवशी आप्पाची स्कूटर वरवंडला थांबली. दुसऱ्या दिवशी मी निघालो. मागं सुमन, पंच म्हणून. आप्पासकट मंडळी जीपनं पुढं जाऊन चौफुल्यावर चहा पीत बसली.

माझी पाटसलाच थांबली! तेवढ्यात उसाचा रिकामा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीचा दोर धरला, वरवंड मागं टाकलं, चौफुल्याच्या अलीकडं हळूच सोडला आन् ऐटीत घरंगळत तिथल्या टपरीवर येऊन थांबलो.

“संपलं बघा पेट्रोल, आत्ता!”

आप्पाचा चेहरा पडला. खिशातनं स्कूटरची चावी काढून त्यानं टेबलावर ठेवली.

“सुमनवैनी, तुमी पंच. गाडीनं ॲव्हरेज किती दिलं?”

सुमननं पदर झटकला.

“पाटसपतोरचं मी सांगते, आप्पा. तिथनं म्होरलं त्या ट्रॅक्टरवाल्याला इचारा!”