धाकटीचा निरोप समारंभ

तुमच्या बाबाने मला आता कायमचं तिकडे यायला सांगितलं आहे. घर बंद करायचं, किल्ली शेजारी द्यायची आणि तुमच्याजवळ राहायचं. तुम्ही दर रविवारी विचारता, "आज्जी, कधी येणार?" आणि मी काहीतरी बोलून विषय बदलते. खरं कारण फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली. इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते, उच्चार स्पष्ट होते, म्हणून ट्रंक ऑपरेटर झाले. तेव्हा परगावी बोलायचं तर आधी आम्हाला नंबर सांगावा लागे, मग आम्ही फोन जोडून देत असू. रत्नागिरीत घरटी एक तरी माणूस मुंबईला, बोटीवर नाहीतर आखातात. त्यामुळे आमचे चेहरे कुणाला माहीत नसले तरी आवाज माहीत असायचे. मासळीबाजारात मी भाव विचारला की कोळीण मान वर करून म्हणायची, "तुम्ही एक्स्चेंजातल्या बाई ना? काल माझ्या झिलाशी बोलणं झालं हो, मुंबईच्या पोराशी." आणि एक बांगडा वर टाकायची.

मग मोबाइल आले. ज्यांनी कनेक्शनसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली होती तेच लोक फोन परत करायला यायला लागले. आमच्या काउंटरवर जुन्या फोनांचा ढीग पडायचा. दुपारी डबा खाताना बोलणं एकाच विषयावर यायचं.

"सरकार आपल्याला बुडू देणार नाही," कुणीतरी रोज म्हणायचं.

"बुडू देणार नाही, पण पोहायलाही शिकवणार नाही," आमचा लाइनमन म्हणायचा. त्याचा मुलगा दुबईला होता. "पोरगा मलाच सांगतो, अब्बा, तुमच्या कंपनीच्या फोनवर काही ऐकू येत नाही, अम्मीच्या फोनवरून बोला. तीस वर्षं खांब चढलो मी, ते हे ऐकायला."

आम्ही हसायचो. बाहेरच्या कुणी असंच बोललं असतं तर मात्र भांडलो असतो.

आमच्याकडे एक पद्धत होती. कुणी निवृत्त झालं की मागे राहणाऱ्यांनी निरोप द्यायचा. शाल, नारळ, बटाटेवडा आणि भाषण. भाषण नेहमी माझ्याकडे, कारण मी ते लिहून, घरी दोनदा वाचून आणायचे. लाइनमन आधीच बजावून ठेवायचा, "बाई, माझ्या वेळी मी खांबावरून पडलो ते सांगू नका हं."

पण स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि पन्नाशी ओलांडलेले आम्ही जवळजवळ सगळे एकाच दिवशी बाहेर पडलो. निरोप द्यायला मागे उरली फक्त आमची धाकटी. सगळ्यांत उशिरा नोकरीला लागली म्हणून तिला आम्ही धाकटी म्हणायचो. तिची पन्नाशी थोडक्यासाठी राहिली होती. त्या दिवशी तिने एकटीने सगळ्यांना शाली घातल्या. खांदे भरून आले बिचारीचे. भाषण करायला उभी राहिली आणि "सगळ्यांनी सावकाश जा," एवढंच बोलून खाली बसली.

दारापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "ताई, माझ्या निरोपाला इथे कोण असेल गो?"

"मी येईन," मी म्हटलं. "भाषणही मीच करीन."

तिच्या निवृत्तीला अजून अवकाश आहे. एक्स्चेंजच्या त्या मोठ्या हॉलमध्ये ती आता एकटी बसते. यंत्रं काढून नेली आहेत, ती होती तिथली फरशी तेवढी उजळ दिसते. मी अधूनमधून डबा घेऊन जाते. गेल्या महिन्यात गेले तेव्हा तुमच्या बाबाचं बोलणं तिला सांगितलं.

ती डबा पुसत राहिली. मग म्हणाली, "मग आत्ताच करा."

"काय?"

"भाषण. तुम्ही तिकडून थोड्याच येणार आहात?"

मी नाही म्हटलं, असलं काही करू नये म्हटलं, पण तिने खुर्ची मध्ये ओढली, पदर सारखा केला आणि सत्कारमूर्तीसारखी बसली. मी उभी राहिले. लिहून काही आणलेलं नव्हतं. मी तिच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट सांगितली. बोटीवरच्या नवऱ्याशी एका बाईला फोन जोडून दिला होता, तीन मिनिटं संपली तरी धाकटी लाइन तोडेना. मी ओरडले तर म्हणाली, "अजून बोललेच नाहीत ते, ताई. दोघंही नुसते रडतायत."

धाकटी हसत होती आणि डोळेही पुसत होती. मी पुढे काही सांगणार तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. मालगुंडच्या कुणाचं तरी इंटरनेट बंद होतं. ती त्या माणसाला शांतपणे एकेक विचारत गेली. मग पर्स उचलली.

"मला जायला हवं. लाइन दुरुस्त करणारी कंत्राटदाराची पोरं आज तिकडे लांब अलोऱ्याला आहेत."

"आणि भाषण?"

"राहू दे तिथेच. मी अजून नोकरीत आहे."

ती गेली आणि मी त्या हॉलमध्ये एकटी राहिले. थोड्या वेळाने फोन पुन्हा वाजला. खरं तर मी उचलायला नको होता. उचलला, नाव, नंबर, पत्ता विचारला, तक्रार लिहून घेतली. पलीकडचा माणूस म्हणाला, "बरं झालं बाई, कुणीतरी आहे तिथे."

बाळांनो, मला तुमची आठवण येत नाही असं समजू नका. स्वयंपाक करताना तुमच्या वाटचं कालवण अजून हातून जास्तच होतं. मी दिवाळीनंतर येईन, थंडीभर तुमच्याजवळ राहीन, तुम्हाला हवं ते करून घालीन. पण बाबाला सांगा, तिकीट परतीचंही काढ. पुढच्या वर्षी पुन्हा येईन, आणि पुन्हा परत जाईन, धाकटी निवृत्त होईपर्यंत.