आमच्या इच्छेने

पनवेलहून नेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं नोव्हिशिएट होतं. सिस्टर होण्याआधी मुलींना दोन वर्षं जिथे घासूनपुसून घडवतात, ते घर. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी वसईहून आलेली, विशीची. वडिलांनी चर्चभर सांगून ठेवलं होतं, थोरली लेक सिस्टर होणार म्हणून. मलाही ते ऐकायला गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तिथला पहिला नियम जिभेचा. 'माझं' म्हणायचं नाही. गरिबीचं व्रत घ्यायचं तर स्वतःचं काहीच नसतं, म्हणून टॉवेल आमचा, चप्पल आमची, दात घासायचा ब्रशसुद्धा आमचा. चुकून 'माझी बादली' निघालं तोंडातून, की जेवणाआधी सगळ्यांसमोर गुडघे टेकून माफी मागायची. पहिले दोन महिने माझी भाजी रोज गार झाली.

पहाटे पाचला घंटा व्हायची. प्रार्थना, चॅपेलमध्ये फादरांची मिस्सा-उपासना, मग गोठा, तांदूळ निवडणं, कपडे, वर्ग आणि पुन्हा प्रार्थना. संध्याकाळी औषधं घेऊन पायी गावात. एकदा एका म्हातारीने विचारलं, "ही छत्री कुनाची?"

"आमची."

तिने माझ्या मागे रिकामा रस्ता पाहिला. "बाय, तू तं एकलीच हायस. मंग आमची कशी?"

तिच्यासमोर हसले. परतताना मात्र रडू कोसळलं. दमले असेन, असं स्वतःला सांगून टाकलं. तेव्हा सगळ्याचंच कारण ते होतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी व्रतांसाठी अर्ज करायचा होता, आपल्या हाताने, आपल्या शब्दांत. आम्हाला घडवणाऱ्या सिस्टर मंगळूरकडच्या, साठी ओलांडलेल्या. मराठी त्या व्याकरणाच्या पुस्तकावरून शिकलेल्या, त्यामुळे आमच्या चुका लाल पेनने काढायच्या. त्यांनी मला बोलावलं. माझ्या अर्जात एका शब्दाखाली रेघ होती. मी लिहिलं होतं, 'आमच्या इच्छेने व्रते घेत आहे.'

"इथे 'माझ्या' पाहिजे," त्या म्हणाल्या. "इच्छा एकटीचीच लागते. नाही तर ते व्रतच नाही."

"सवयीने झालं, सिस्टर."

"मग दुरुस्त कर."

एका शब्दाचं तर काम. 'मा' लिहिला आणि हात थांबला. त्या 'आमच्या'त वडील होते, आमच्या चर्चचे फादर होते, दर रविवारी कौतुक करणाऱ्या बायका होत्या. मीच सापडेना. पेन खाली ठेवलं.

"थकलीस?" त्यांनी विचारलं.

"खूप. आले तेव्हापासून."

त्यांनी कागद काढून घेतला. "सहा महिने थांब. मग लिही."

व्रतं लांबली याची लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि लाज वाटली ती त्याची. वडिलांनी पत्रात लिहिलं, लोकांना काय तोंड दाखवू? ते पत्र मी प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही.

सहा महिने गोठा, तांदूळ, घंटा, सगळं तसंच चाललं. मग मी दुसरा अर्ज नेऊन दिला. 'माझ्या इच्छेने मी घरी परत जात आहे.'

सिस्टरांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला. लाल पेन हातातच होतं.

"मराठी बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि खाली सही केली.