हवालदाराचे आठ दिवस

पाळणाघराच्या मावशींना त्यांच्या भावाने कुत्रा देऊ केला, तेव्हा त्यांना विचार असा फारसा करावा लागलाच नाही. मेंढ्या राखणाऱ्या जातीचा कुत्रा, भावाकडे असे दोन. मावशींकडे दोन खोल्या आणि नऊ पोरं. मेंढ्या काय नि पोरं काय!

"जात गुणी आहे, पण घरात रमेल का ते आठ दिवस बघ," भाऊ म्हणाला. "नाही जमलं तर आणून सोड."

"न जमायला काय झालं?"

सोमवारी सकाळीच कुत्र्याने कारभार हाती घेतला. भुंकणं नाही, चावणं नाही. नुसता डोळे रोखून गोल फिरायचा, की एकेक पोर सतरंजीवर जमा. कोणी उठलं की पोटरीला नाकाने ढोसून परत जागेवर. त्याचं नाव हवालदार पडलं. मावशींना कित्येक वर्षांनी बसून चहा प्यायला मिळाला. न्यायला आलेले आईबाप दारातच थबकायचे. "मावशी, किती शहाणी झाली हो पोरं!" मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

शेवटचं मूल गेलं की एरवी घर खायला उठायचं. आता हवालदार त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून पडायचा. आठ दिवस कशाला, मावशींनी त्याच्यासाठी ताटलीसुद्धा आणली.

शुक्रवारी ढबूची आई म्हणाली, "मावशी, ही इथे चालते का हो? घरी उभी केली की मटकन बसते."

ढबू चौदा महिन्यांची, नुकतीच पावलं टाकायला लागलेली. शनिवारी मावशींनी कप बाजूला ठेवून नीट पाहिलं. ढबू कपाटाला धरून उठली, एक पाऊल टाकलं. हवालदार आला, हलकेच ढोसलं. ढबू बसली. रडली नाही, पुन्हा उठलीही नाही, अंगठा चोखत राहिली. पोरं शहाणी कुठली, पोरांनी उठायचा नादच सोडला होता. हवालदाराला आतल्या खोलीत कोंडलं, तर तो दाराशी कण्हत बसला. तेही मावशींना ऐकवेना.

रविवारी मावशी त्याला भावाकडे सोडायला घेऊन गेल्या. मेंढ्यांचा कळप दिसताच हवालदार पट्टा हिसडून पळाला. एकदाही मागे वळला नाही. मावशींना फार लागलं ते.

"चावला का गं कुणाला?" भावाने विचारलं.

"छे रे, लाख गुणाचा आहे," म्हणताना त्यांना रडू फुटलं.

बुधवारी ढबू उठली. कपाट सोडलं, डुगडुगत दाराकडे निघाली. पडेल म्हणून मावशींचा हात तिला धरून खाली बसवायला पुढे झालाच. तो त्यांनी स्वतःच्या मांडीखाली दाबून धरला.

"जा गं माझे बाई," त्या म्हणाल्या, "जा."