टोरिलची कमाई

एस्किलची चूक एवढीच की त्याने स्वतःच्या नावाने बघितलं. नॉर्वेत कुणाचंही उत्पन्न कुणालाही बघता येतं. करखात्याच्या यादीत नाव टाकलं की आकडा समोर. मात्र ज्याचा आकडा बघितला त्यालाही बघणाऱ्याचं नाव दिसतं. म्हणून हेलवोग बेटावरची शहाणी माणसं हे काम लांबच्या मेव्हण्याकडून करून घेतात आणि बदल्यात त्याच्या शेजाऱ्यांचे आकडे काढून देतात. एस्किल एकोणीस वर्षांचा. त्याला मेव्हणा नव्हता.

त्याला बर्गनला जाऊन राज्यशास्त्र शिकायचं होतं आणि अर्जाची मुदत संपायला चार दिवस उरले होते. बाप आर्नफिन समुद्रातल्या सॅल्मनच्या पिंजऱ्यांवर कामाला. त्याचं म्हणणं, बेटावर हे शास्त्र शिकलेलं एकच माणूस आहे, टोरिल, आणि ती नगरपालिकेत बसून दुसऱ्यांच्या भांडणांचं इतिवृत्त लिहिते. एवढ्यासाठी डोक्यावर चार लाख क्रोनरचं कर्ज. पगार किती ते देव जाणे.

देवाला त्रास द्यायची गरज नव्हती. एस्किलने यादी उघडली. टोरिल, चार लाख दहा हजार. आर्नफिन, पाच लाख वीस. बाप उकडलेल्या बटाट्याची साल काढत म्हणाला, "पिंजऱ्यात खाद्य टाकणारा शेल तरी हिच्यापुढे आहे. त्याने नववीनंतर पुस्तक उघडलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी एस्किल दूध आणायला गेला. दुकानाच्या कोपऱ्यात कॉफीचं टेबल आहे; सकाळी तिथे निवृत्त म्हातारे बसतात आणि शनिवारी टोरिल. त्रेपन्न वर्षांची, ताडमाड, अख्ख्या हिवाळ्याला एकच हिरवा कोट.

"काय रे एस्किल," ती तिथूनच म्हणाली, "माझी कमाई बघितलीस म्हणे. भागतंय का माझं?"

म्हाताऱ्यांचे चमचे कपातच थांबले. खोटं बोलायला सवड नव्हती, म्हणून त्याने सगळं सांगून टाकलं, शेलसकट. टोरिलने पायाने एक खुर्ची पुढे ढकलली.

आधी तिने त्याला यादी वाचायला शिकवलं. तिथला आकडा हा पगार नव्हेच. वजावटी आणि कर्जाचं व्याज जाऊन उरतं ते. पगार पाच लाख चाळीस हजार. शिक्षणाचं कर्ज एकोणपन्नासाव्या वर्षी फिटलं, त्या दिवशी तिने केक आणून एकटीने खाल्ला. पाच वर्षं बर्गन, मग दीड वर्ष राजधानीत मंत्रालयात. तिथे तिने लिहिलेल्या कागदावर दुसऱ्याची सही व्हायची. इथे निदान तिच्या कागदावरून भांडण तरी होतं. एकदा ती निवडणुकीलाही उभी राहिली होती. एकोणीस मतं पडली, त्यातली सतरा कुणाची ते तिला पाठ होतं.

"आणि तुझ्या बापाचा आकडाही असाच कापून उरलेला, म्हणजे तो माझ्यापेक्षा जास्तच कमावतो," ती म्हणाली. "तेवढं त्याचं खरं आहे."

"मग उपयोग काय?"

उत्तर एका म्हाताऱ्याने दिलं. सहा वर्षांपूर्वी जिल्ह्याने संध्याकाळची शेवटची फेरीबोट बंद करायचं ठरवलं होतं. हरकतींची मुदत नियमापेक्षा दोन आठवड्यांनी कमी दिलीय हे टोरिलला सापडलं, चौऱ्याऐंशी पानांतल्या एकसष्टाव्या पानावर. तिने सुट्टीच्या दिवशी बसून अकरा पत्रं लिहिली. बोट अजून चालू आहे. आर्नफिन रोज तिनेच घरी येतो.

"त्याने मला मत दिलं नव्हतं," टोरिल म्हणाली. "तरी येऊ दे." मग एस्किलकडे वळली. "खर्च भरून निघाला का म्हणशील, तर नाही निघाला. पण ती बोट बंद करायला आलेला माणूसही हेच शिकून आला होता. त्यांच्याकडे असे चाळीस आहेत. आपल्याकडे एकसुद्धा नको?"

त्या संध्याकाळी एस्किलने बापासमोरच अर्ज भरला. पसंतीच्या दहा जागा असतात. पहिली बर्गन, दुसरी ऑस्लो, तिसरी ट्रोम्सो, तिन्हीकडे राज्यशास्त्र. उरलेल्या सात त्याने कोऱ्या ठेवल्या.

"खाली मत्स्यपालन टाक की," आर्नफिन म्हणाला. "टाकायला पैसे पडत नाहीत."

"टाकलं तर तेच मिळेल."

"आणि काहीच नाही मिळालं तर?"

"तर पुढच्या वर्षी पुन्हा याच तीन."

बापाने समजावून पाहिलं. शेलचं उदाहरण पुन्हा दिलं. शेवटी एक दमडी देणार नाही म्हणाला. एस्किल म्हणाला, मागितली कुणी, सरकार कर्ज देतं. आणि त्याने अर्ज पाठवून दिला.

जुलैत बर्गनचा होकार आला. ऑगस्टमध्ये एस्किल धक्क्यावर उभा होता, दोन पिशव्या आणि एक गादीची गुंडाळी घेऊन, आणि तिकिटाच्या यंत्राने त्याचं कार्ड तिसऱ्यांदा नाकारलं. कर्जाचा पहिला हप्ता वर्ग सुरू झाल्यावरच मिळतो, हे त्याने वाचलं होतं, विसरला होता. पिशव्या उचलायला आलेल्या आर्नफिनने स्वतःचं कार्ड टेकवलं. सातशे चाळीस क्रोनर.

"हे दिलेले नाहीत," तो म्हणाला. "उसने आहेत."

"व्याज किती?"

"तू शिकून ये, मग तूच सांग."

नाताळला एस्किल घरी आला तेव्हा ते सातशे चाळीस त्याच्याकडे होते. फोनवरून दोन बोटांनी पाठवता आले असते. पण बाप त्यांचा विषयच काढेना, आणि बापाने मागितल्याशिवाय द्यायचे नाहीत असं एस्किलनेही ठरवून टाकलं होतं.