चार पट्ट्या काढून एक

गेल्या महिन्यात एक बाई माझं घर विचारत विचारत आल्या. खांद्यावर चेनवाली लांब पिशवी, लग्नातला शालू ठेवतात तसली. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "तुमचंच ना पूर्वी बाजारात टेलरिंगचं दुकान? नेव्हीचे कपडे शिवायचे ते?"

म्हटलं, "होतं बाई. आता तिथं मोबाईलचं दुकान आहे. या, बसा."

त्यांनी पिशवी उघडली आणि काळा कोट बाहेर काढून माझ्या पलंगावर पसरला. दोन्ही बाह्यांवर एकेक रुंद सोनेरी पट्टी आणि तिच्यावर बारीक फितीचं गोल वेटोळं. चेहरे मी विसरते हल्ली, पण हातचं काम विसरत नाही. तो कोट मी बघताक्षणी ओळखला. ह्याच कोटाच्या बाहीवरचं वेटोळं एकदा भर परेडमध्ये माझ्यामुळं सुटलं होतं. ही गोष्ट मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितली नाही.

बाई ज्यांचा तो कोट, त्या नेव्हीतल्या साहेबांची मुलगी निघाली. म्हणाली, "बाबांना जाऊन वर्ष झालं. कोट काचेच्या चौकटीत लावायचाय. डाव्या बाहीवरचं वेटोळं कसरीनं खाल्लंय. पुण्यात विचारलं तर म्हणाले, चिकटवून देतो. आई म्हणाली, चिकटवायचं नाही, लोणावळ्याच्या वहिनींकडं ने, असल्या तर त्याच करतील."

असल्या तर. मी आहे, पण डोळे पहिल्यासारखे नाहीत. तरी म्हटलं, ठेवा, बघते.

लोणावळ्यात कुणी नवा माणूस आला की पहिला प्रश्न हाच विचारतो की समुद्र कुठं आणि नेव्ही कुठं? खरं आहे. खारं पाणी बघायचं तर घाट उतरून जावं लागतं, पण इंजिनाचं काम शिकणारी पोरं इथं डोंगरात शिकतात. आमचं दुकान त्यांच्याच जिवावर चालायचं. मी इथल्या मावळातल्या वडिवळ्याची, भाताच्या खाचरातली मुलगी. लग्न होऊन आले तेव्हा सुईत दोरा ओवण्यापलीकडं काही येत नव्हतं. ह्यांनी शिकवलं म्हणावं तर तसंही नाही, ते कामात असायचे. मी बघत बघत शिकले. कापडाचे नमुने जुन्या वर्तमानपत्रावर कापायचे असत, तर कापायच्या आधी मी ते वाचून काढायची. माझी शाळा तीच.

सोनेरी फितीचं काम मात्र लवकर हाताला आलं. वेटोळं करणं अवघड. फीत जरीची, वाकवली की चुरगळते, जर उसवते. मी दोऱ्याच्या रिकाम्या लाकडी रिळाभोवती फीत ओल्या फडक्यानं गुंडाळून ठेवायची, सुकली की आपोआप गोल राहायची. हे असं कुणी शिकवलं नव्हतं. ह्यांनी बघितलं आणि सगळी वेटोळी माझ्याकडं सरकवली.

तर कोटाची ती गोष्ट एका हिवाळ्यातली. हे इंदुरीला बहिणीकडं भाताच्या झोडणीला गेलेले, चार दिवस येणार नव्हते. मी बाजारातून परत आले तर दुकानात सासूबाई एकट्या काजं करत बसलेल्या. त्यांच्या शेजारी हा कोट, एक पुडी आणि चिठ्ठी.

"नेवीतल्या सायबांचा मानूस ठिवून गेला," त्या म्हणाल्या.

चिठ्ठीत लिहिलं होतं, दोन्ही बाह्यांवरच्या चारही पट्ट्या काढाव्यात, सोबतची एक रुंद पट्टी लावावी, वर वेटोळं, परवा सकाळच्या परेडला कोट हवा.

मी चिठ्ठी दोनदा वाचली. आमच्याकडं पोलीस चौकीतलेही कपडे यायचे. साध्या शिपायाला काही नाही, हवालदाराला तीन फिती. फीत वाढली की माणूस वाढला, हे आम्हाला पाठ. रुंद पट्टीचा कोट तोवर आमच्याकडं कधी आलाच नव्हता. आणि इथं चार काढून एक लावायची.

म्हटलं, "आत्या, सायबांचं कायतरी वंगाळ झालंय. चाराची एक केली."

सासूबाईंनी सुई थांबवली. "तरीच त्या मानसाचं त्वांड उतरल्यालं व्हतं."

आता तो माणूस सायकल मारत चढ चढून आलेला, तोंड उतरणार नाही तर काय होणार. पण आम्हाला दोघींना तेव्हा ते सुचलं नाही.

हे साहेब आमच्या दुकानात यायचे ते नुसतं माप देऊन जायचे नाहीत. स्टुलावर बसून चहा घ्यायचे. मूळचे रत्नागिरीकडचे, बोलणं मऊ. सासूबाईंना मावशी म्हणायचे. त्यांच्या मिसेसनी मला जुनी मासिकं वाचायला दिलेली. अशा माणसाला सगळ्यांसमोर खाली उतरवायचं आणि ते उतरवायचं काम माझ्या हातानं व्हायचं. ते माझ्या जिवावर आलं.

"विचारून बगू का?" मी म्हटलं.

"काय इचारनार? सायेब, तुमी काय गुन्हा केला? गप शिव."

मी चारी पट्ट्या उसवल्या. सावकाश, एकेक टाका, जर न तुटेल अशा. दोन्ही बाह्यांच्या मिळून आठ. वर्तमानपत्रात गुंडाळून मशीनच्या खणात ठेवल्या. मला खात्रीच होती की चूक कुणाच्या तरी लक्षात येईल, महिन्या-दोन महिन्यांत चार पट्ट्या परत लावायला येतील. आता जाड काळ्या कापडावर रुंद पट्टी पक्क्या शिलाईनं बसवली तर परत काढताना सुईची भोकं राहतात, ती कायमची दिसतात. सगळ्यांना कळेल की ह्यांची मधे एक झाली होती. म्हणून मी काय केलं, रुंद पट्टी आणि वेटोळं कच्च्या टाक्यानं लावलं. लांब लांब धावदोरा, आतून पांढरा. वरून इस्त्री केली. दिसायला पक्क्या शिलाईसारखंच. सासूबाईंना दाखवलं तर म्हणाल्या, "चांगलं केलंस. सजा बी कच्चीच असू दे."

परेडच्या सकाळी कोट गेला. दुपारी दुकानापुढं जीप थांबली.

सासूबाई म्हणाल्या, "आले. आता दुकान उचल."

ह्यांचं सगळं काम नेव्हीच्या त्या एका आवारावर होतं. तिथून नको म्हटलं की आम्ही परत शाळेच्या खाकी चड्ड्या शिवायला. साहेब कोट हातावर टाकून आत आले. उजव्या बाहीवरचं वेटोळं एका टोकाला लोंबत होतं, कानातल्या डुलासारखं.

"वहिनी, हे कुणी लावलं?"

"म्या."

"सॅल्यूटला हात वर नेला आणि हे सुटलं. पुढचा सगळा वेळ हात अंगाला चिकटवून उभा होतो." आवाज चढलेला नव्हता, पण नेहमीसारखा मऊही नव्हता. "तुमच्या हातचं काम असं नसतं. कच्चं का शिवलं?"

सासूबाईच बोलल्या. "सायेब, तिच्यावर रागं भरू नगा. तिला वाटलं तुमची सजा लवकर फिटंल."

"कसली सजा?"

"चाराची एक झाली न्हवं तुमची."

साहेब स्टूल ओढून बसले आणि हसायला लागले. हसता हसता रुमाल काढून डोळे पुसले. मला अजून काहीच कळेना.

"मावशी, मी खाली नाही आलो, वर गेलो. कॅप्टनच्या चार. त्याच्या वर कमोडोर, त्याची एकच, पण रुंद."

"आता हे कुनी ठरवलं?" सासूबाईंना ते पटलंच नाही. "वर गेल्यावर वाढाय पायजे."

"इंग्रजांनी ठरवलं, मावशी. आपण उचललं."

चहा ठेवला. तेव्हा साहेबांनी जे सांगितलं ते मला अजून आठवतं, कारण असं काही मला कुणी समजावून सांगितलेलं ते पहिल्यांदाच. ते म्हणाले, पूर्वी कमोडोर हे पद नव्हतंच, ते काम होतं. चार-पाच जहाजं मिळून कुठं निघाली की त्यातल्या एका कॅप्टनला सगळ्यांचा प्रमुख करायचे. त्याच्या जहाजावर मग एक वेगळं निशाण चढायचं, दोन शेंड्यांचं, आपल्या देवळावरच्या भगव्यासारखं. मोहीम संपली की निशाण उतरलं, माणूस परत कॅप्टन. पुढं कधीतरी ते कायमचं पद झालं आणि ही रुंद पट्टी आली. वेटोळ्याची गोष्ट अशी की त्यांच्याकडचा कुणी मोठा दर्यावर्दी होता, त्याच्या नावानं ते ओळखतात. खरं-खोटं देव जाणे, असंही म्हणाले. आपलं राज्य आल्यावर बटणांवरचा मुकुट गेला, सिंह आले, पण वेटोळं तसंच राहिलं.

"म्हंजे इर्जिकीचा म्होरक्या," मी म्हटलं. आता भीती गेली होती.

"म्हणजे?"

मी सांगितलं. आमच्या वडिवळ्याला एकाच्या शेतावर सगळं गाव आपापले बैल घेऊन नांगरायला जायचं, त्याला इर्जिक म्हणतात. त्या दिवशी एक जण पुढं असतो. कुणाचे बैल कुठं, कोण आधी, कोण मागं, सगळं तो ठरवतो, आणि पाटीलसुद्धा त्याचं ऐकतो. संध्याकाळी बैल सुटले की तो परत आपला नेहमीचा भाऊ किंवा आबा. दुसऱ्या दिवशी त्याला कुणी विचारत नाही.

साहेब कप खाली ठेवून म्हणाले, "वहिनी, मी इतकी वर्षं हे पोरांना शिकवतोय आणि मला एवढं सोपं सांगता आलं नाही."

मी कोट घेतला, तिथंच त्यांच्यासमोर पक्कं शिवायला बसले. दोन्ही बाह्या झाल्या. पांढरा धावदोरा ओढून काढायला लागले तर ते म्हणाले, "एक राहू द्या. उजव्या बाहीत, अस्तराखाली. कुणाला दिसणार नाही."

"कशाला, सायेब?"

"बैल सुटले की ही पट्टी काढायचीच आहे ना. आठवण असलेली बरी."

मी ठेवला. ह्यांना सांगू नका, असंही मी पुटपुटले. ते म्हणाले, "काय सांगायचं? काही झालंच नाही." पुढं साहेबांची बदली झाली, निवृत्त झाले, दिवाळीला मिसेसचं कार्ड यायचं. नेव्हीचं काम आमच्याकडं शेवटपर्यंत राहिलं. हे गेले, दुकान गेलं.

तर परवा ती मुलगी कोट न्यायला आली. डाव्या बाहीचं वेटोळं करायला मला चार दिवस लागले. पूर्वी एका बैठकीत व्हायचं. सुनेनं दोरा ओवून दिला, लाकडी रीळ माळ्यावर सापडलं. पहिली फीत चुरगळली, दुसरी बसली. मुलीनं बोट फिरवून बघितलं. मग पर्समधून वर्तमानपत्राचा तुकडा काढून दाखवला. नेव्हीतल्या सगळ्यात मोठ्या साहेबांच्या, अॅडमिरलांच्या खांद्यांवरची नवी निशाणी, आठ कोनांची, महाराजांच्या राजमुद्रेसारखी. "बाबांनी कापून ठेवलं होतं. म्हणायचे, शेवटी आपल्या मावळातलं वर चढलं." मी म्हटलं, हा तुकडा माझ्याकडंही आहे, आमच्याकडं सगळ्यांनीच कापून ठेवलाय. नवीन कोटांवर आता काय राहिलं, काय गेलं, ते मला ठाऊक नाही. मला हे वेटोळंच येतं.

मग ती उजवी बाही उलटवून सैल झालेल्या अस्तराखाली बघायला लागली. म्हणाली, "हा पांढरा दोरा राहिलाय आत. कापू का?" आणि माझीच कात्री उचलली.

मी तिचा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सगळं सांगितलं. चिठ्ठी, सासूबाई, सजा, लोंबणारं वेटोळं, सगळं. मला वाटलं रागावेल. बापाच्या इतक्या मोठ्या दिवशी वेटोळं सुटलं, ते ह्या म्हातारीमुळं.

ती म्हणाली, "तो दिवस आईला अजून आठवतो. बाबांनी घरी सांगितलं होतं, जीपच्या दारात बाही अडकवून मीच ओढली. आई त्यांना कायम चिडवायची, कमोडोर झालात पण दार उघडता येत नाही. ते नुसते हसायचे."

मी पदरानं चष्मा पुसला. मग आत जाऊन जुन्या मशीनचा खण ओढला. वर्तमानपत्राची पुडी तिथंच होती, कागद पिवळा पडलेला, आठही पट्ट्या आत. जर काळवंडली होती, पण एकही तार तुटलेली नव्हती. साहेबांनी त्या परत मागितल्या नाहीत आणि माझ्यानं टाकवल्या नाहीत.

मुलीनं त्या पलंगावर कोटाच्या बाह्यांशेजारी मांडल्या, चार इकडं, चार तिकडं. म्हणाली, "ह्याही चौकटीत लावते. बाहीच्या खाली. लावू ना, वहिनी?"

आईचा शब्द तिनं तसाच उचलला होता.

म्हटलं, "लाव की. पण कच्च्या टाक्यानं लाव हं."