ठाण्याच्या अंगणात वाळवलेले वार्निश

ती घटना आठवत नाही असा महिना जात नाही, पण सांगायचे मी वर्षानुवर्षे टाळले. आता सांगतो, कारण त्या तपासाबद्दल माझ्या सर्व्हिस शीटमध्ये असलेली शाबासकी माझी नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत दुकानांच्या पत्र्याच्या पाट्या छापणारा एक कारखाना होता. छपाईवर नव्या प्रकारचे वार्निश देत. ते भट्टीत नव्हे, तर खास जांभळ्या दिव्याखाली काही सेकंदांत कडक होई. एके दिवशी सगळा माल चिकट निघाला, पाट्या एकमेकींना डकल्या. कोणीतरी मुद्दाम घातपात केला, अशी मालकांनी आमच्या पोलीस ठाण्यात तक्रार दिली.

सुपरवायझरने खबर पुरवली: वार्निशच्या ड्रमच्या झाकणावर पांढरी पूड होती, आणि वार्निश मिसळणाऱ्या कामगाराचे रजेवरून मालकांशी वाजले होते. कामगार सिन्नरकडचा, लग्न चार दिवसांवर. मी त्याला ठाण्यात आणले आणि काही विचारण्याआधीच, मागोमाग धावत आलेल्या त्याच्या होणाऱ्या सासऱ्यासमोर कानाखाली वाजवली.

गाल चोळत तो म्हणाला, "साहेब, आत टाका नायतर सोडा, पण दोन्ही ड्रममधलं वार्निश मागवा. बिघडलेलं अन् चांगलं. दिवा इथं नाय, पण ऊन लय हाय. उन्हात बी तोच उजेड असतो."

पंचांसमोर नमुने आणले. त्याने तीन काचांवर पातळ थर दिले. एक चांगला, एक बिघडलेला, आणि तिसऱ्यावर चांगल्यातच झाकणावरची पूड कालवलेली. हवा लागू नये म्हणून वर पारदर्शक प्लास्टिक दाबले. सगळे ठाणे अंगणात जमले. हवालदारांनी चहाची पैज लावली. थोड्या वेळाने प्लास्टिक सोलले, तर पहिला थर नखासारखा कडक, उरलेले दोन्ही पाकासारखे!

प्रयोग बघायला आलेले मालक ओशाळले. "अहो, ती पूड मीच टाकली! पाट्या उन्हात फिक्या पडतात म्हणून गिऱ्हाइकं बोंबलत होती. ही पूड ऊन अडवते. दुसऱ्या कारखान्यांना कळू नये म्हणून सुट्टीच्या दिवशी गुपचूप मिसळली. विकणाऱ्यानं चिमूटभर सांगितली होती, मी म्हटलं, मूठभर टाकली तर जास्त टिकेल. चांगल्या वस्तूनं बिघडेल कसं?"

"शेठ, छत्री उन्हावर धरायची, तुम्ही दिव्यावरच धरली!" कामगार म्हणाला. सगळ्यात मोठ्याने हसले ते त्याचे सासरे. मालकांनी तिथेच रजा मंजूर केली आणि सगळ्यांना चहा पाजला.

स्टेशन डायरीत मी लिहिले, 'सखोल तपासाअंती तक्रार गैरसमजातून झाल्याचे निष्पन्न.' प्रयोग कोणाचा, ते लिहिले नाही. चापटीचा तर प्रश्नच नव्हता. या प्रकरणाने मला एक शिकवले: खबर खरी असू शकते, पूड होतीच की! आपण घाईने लावलेला अर्थ मात्र खोटा निघतो.

त्याने लग्नाचे आमंत्रण दिले. गेलो. भर पंगतीत नवरदेव स्वतः बुंदी वाढायला माझ्यासमोर वाकला, "साहेब, लाजू नका, घ्या." मी मान वर केली. माफीचा शब्द ओठांवर होता.

"जेवण झकास झालंय," एवढेच मी म्हणालो.