गेनबांचे तीस बिल्ले

हिंजवडीत शेतं होती तेव्हा बंधाऱ्याच्या पाण्याच्या पाळ्या गेनबा लावायचे. पुढे शेतं गेली, त्यांच्या वावरात मुलींचं चार मजली हॉस्टेल उभं राहिलं, आणि दारात खुर्ची टाकून बसण्यापलीकडे त्यांना काम उरलं नाही.

मग हॉस्टेलचं नेट सारखं अडू लागलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "आबा, हा नेटचा डबा आपणहून तीसच पत्ते, म्हणजे आकडे, वाटतो. पत्ता मिळाला तर नेट. तुमच्याकडे मुली साठ."

"म्हंजी पाळी लावायची!" गेनबा म्हणाले आणि कितीतरी वर्षांनी ताठ बसले.

त्यांनी पत्र्याचे तीस बिल्ले कापून घेतले, वर आकडे ठोकले. मुलीनं बिल्ला घ्यायचा, आकडा आपल्या हातानं लॅपटॉपात घालायचा, दोन तासांनी बिल्ला परत. एका आकड्यावर दोघी बसल्या की दोघींचंही नेट गचके खाई, म्हणून गेनबा शिट्टी घेऊन जिन्यात फिरत. दिवसभर परदेशी बँकांची नेटवर्क सांभाळणाऱ्या मुली संध्याकाळी रांगेत उभ्या राहून "आबा, पाचच मिनिटं हो!" अशी गयावया करत.

एका रविवारी तेजस्विनी बिनबिल्ल्याची नेट वापरताना सापडली. नेटवर्क हीच तिची नोकरी.

"पोरी, पाणी चोरलंस?"

"नाही आबा. सत्त्याहत्तर आकडा घातलाय, तो कुणाचाच नाही." ती वरमली. "खरं तर हातानं घातले तर अडीचशेपर्यंत आकडे चालतात."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही इतकं मन लावून करत होता..."

गेनबांना राग यायला हवा होता. पण त्यांच्या डोक्यात एकच शिरलं: अडीचशे! उरलेलं पाणी खालच्या रानाला सोडायचं, हा बापजाद्यांचा नेम. त्यांनी आणखी बिल्ले पाडले, शेजारच्या दोन हॉस्टेलांना वायर ओढून दिली, सलूनवाल्याला एक बिल्ला दिला, पिठाच्या गिरणीतही एक दिला.

आठ दिवसांत गल्लीत बिनपत्त्याचं कुणी उरलं नाही आणि नेट कुणाचंच चालेना. "आबा, पत्ते वाढले, पण नळ तेवढाच आहे," तेजस्विनीनं परोपरीनं सांगितलं. शेवटी ती सुट्टीच्या दिवशीही ऑफिसात जाऊन बसू लागली.

गेनबा मात्र गल्लीतून निघाले की लोक उठून रामराम घालतात. गिरणीवाल्यानं आपला बिल्ला देवाच्या तसबिरीशेजारी टांगलाय. त्याच्याकडे साधा बटणांचा फोन आहे.